घडी मोडली त्या रात्री

साडी हातात दिल्यावर त्यानं ती आधी नाकाशी नेली. मग काठ दोन बोटांत धरून चुरगळला, खसखस ऐकली आणि म्हणाला, "खळ आसा हिका. अजून पाण्यात पडूक नाय." तोंडाला निम्मा रंग लागलेला. उजवी भुवई कोरून झालेली, डावी अजून त्याची स्वतःची. देवळामागच्या पडवीत एका ट्रंकेवर आरसा टेकवलेला, वर पिवळा बल्ब, त्याच्याभोवती किडे. बाजूला राजापार्ट करणारे गृहस्थ भिंतीला टेकून बिडी ओढत होते आणि किरीट मांडीवर घेऊन त्याचा सुटलेला मणी दोऱ्यानं बांधत होते. रात्रीचे साडेदहा झाले होते. बाहेर पालखीची प्रदक्षिणा सुरू होती.

मी शहापूरचा. बेळगावचं शहापूर, ठाण्याजवळचं नव्हे. हे परगावी प्रत्येक वेळी सांगावं लागतं. घरचा धंदा साड्यांचा. आजोबांच्या वेळी घरात दोन माग होते, वडिलांच्या वेळी एक, माझ्या वाट्याला दुकान आलं. त्यामुळे माणूस नाचायला लागला की माझी नजर आधी कपड्याकडे जाते, मग पायाकडे, आणि तोंडाकडे सगळ्यात शेवटी. ही खोड आहे हे मान्य. पण यंदा दशावताराचा एक आख्खा हंगाम मी एकाच मंडळीच्या मागं फिरून पाहिला, तो या खोडीच्या जोरावरच. कार्तिकापासून वैशाखापर्यंत चौदा खेळ झाले. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या मंडळींचे चाहते मला आंबोलीच्या खाली उतरू देणार नाहीत.

आईचं माहेर सावंतवाडी तालुक्यातलं. त्यामुळे लहानपणी जत्रेला जाणं व्हायचं, धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, रात्रभर बसायचं आणि पहाटे मामाच्या खांद्यावर झोपून घरी यायचं, एवढं ठाऊक होतं. त्यानंतर मध्ये चाळीस वर्षं गेली. परत ओढ लागली ती भलत्याच ठिकाणी, लंडनमध्ये. भाची तिथं नोकरीला आहे. तिनं कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये 'स्वान लेक'चं तिकीट काढलं होतं. बॅले म्हणजे काय हे मला सिनेमात बघितलं तेवढंच माहीत. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी बाई, मांडीवर छोटी वही. मध्यंतरात बोलणं निघालं. त्या हंगामातला तिचा हा पाचवा 'स्वान लेक' होता. खेळ तोच, संगीत तेच, पण राजहंसीचं काम दर वेळी वेगळी नर्तकी करते, म्हणून ती परत परत येते आणि वहीत लिहून ठेवते. तिसऱ्या अंकात काळी हंसी एका पायावर बत्तीस गिरक्या घेते. 1895 साली पीटर्सबर्गमध्ये पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीनं त्या घेतल्या आणि तेव्हापासून बघणारे मोजतच आहेत. आमची म्हातारीही ओठ हलवत मोजत होती. मी मनात म्हटलं, ही तर आपलीच माणसं. मामाच्या वाडीतली माणसं अशीच बोलायची: औंदा अमक्याचो राजा बघलंस? गेल्या वर्षीची गिरकी आता रवली नाय त्याची.

फरक एवढाच की त्यांच्याकडे खेळ एक आणि नाचणाऱ्या अनेक. आपल्याकडे नाचणारे तेच आणि खेळ रोज वेगळा. आणि तो वेगळा कसा, हे बघायला पडवीत बसावं लागतं.

संध्याकाळी मंडळीचा टेम्पो येतो. ट्रंका उतरतात, गणपतीचा मुखवटा असलेला पेटारा उतरतो, तो देवळात मानानं ठेवतात. जेवण झालं की मालक आणि दोन-तीन जुने कलाकार बसून आजचं आख्यान ठरवतात. कागद कुणाच्याच हातात नसतो. "हरिश्चंद्र करूया. तू विश्वामित्र. तू डोंब. राजा ठरलेलोच." दहा मिनिटांत कथेचे टप्पे सांगून होतात, कोण कुणानंतर येणार ते ठरतं, आणि पुढचे पाच-सहा तास जे काही बोललं जाईल ते उभ्या उभ्या सुचून. पांडवप्रताप, हरिविजय, शिवलीलामृत, नवनाथ भक्तिसार यांची पारायणं केलेली असतात, त्या शिदोरीवर हा कारभार चालतो. कमी वाचलेला कलाकार नारदासमोर उघडा पडतो. एका रात्री एका तरुण इंद्राला नारदानं असा काही प्रश्न घातला की इंद्र सरळ पेटीवाल्या बुवांकडे बघून गायला लागला. गाण्यात वेळ काढला, उत्तर सुचलं, मग बोलला. लोकांना सगळं कळलं होतं. टाळी मात्र दोघांनाही मिळाली.

सामान म्हणाल तर मागं एक पडदा, एका बाजूला पायपेटी, मृदंग, झांज, आणि मधोमध लाकडी बाकडं. ते सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. काशीच्या बाजारात तारामतीला उभं करून विकतात तो चौथराही तेच. चौदा खेळांत मी या बाकड्याची इतकी रूपं पाहिली की दुकानातल्या बाकड्यावर गिऱ्हाईक बसलं तरी मला वाटायचं, आता हा शाप देणार.

हे सगळं बघून शहापूरला परतताना एक गोष्ट डोक्यात फिरायची. शहापूर हे संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांचं. पलीकडे बेळगावचा इंग्रजी कँप, अलीकडे सांगलीचं राज्य. त्याच सांगलीत 1842 साली होन्नावरजवळच्या कर्कीहून भागवत मंडळी खेळ घेऊन आली. कानडी मुलखातलं नाचत, गात, युद्ध करत सादर होणारं ते आख्यान. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेबांनी ते पाहिलं आणि विष्णुदास भाव्यांना म्हणाले, असं काही आपल्या भाषेत करा. 5 नोव्हेंबर 1843 ला 'सीतास्वयंवर' झालं, आणि मराठी रंगभूमी दिन आपण त्याच तारखेला पाळतो. म्हणजे मराठी नाटकाच्या घरातली पहिली पणती पेटवायला काडी आली ती घाटाखालून, नाचणाऱ्यांच्या हातून. हे आमच्या गल्लीतल्या कानडी बोलणाऱ्या विणकराला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "आमच्यात त्याला आटच म्हणतात. आट म्हणजे खेळ." बयलाट म्हणजे उघड्यावरचा खेळ. आमच्याच जिल्ह्यात कुलगोडच्या तम्मण्णांनी बांधलेलं श्रीकृष्ण पारिजात आहे, ते गावोगाव पोचवणाऱ्या कौजलगी निंगम्मा आहेत. सत्यभामा रुसते तिथं आणि इथं, रुसणं सारखंच. शब्दही दोन्हीकडे खेळ हाच. सीमेच्या भांडणात हा शब्द कुणाच्या वाट्याला गेला ते ठरवायचं राहून गेलंय.

दशावतार कोकणात कसा आला याबद्दल राजापूरकडच्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांचं नाव घेतात. त्यांनी तो 1728 मध्ये कर्नाटकातून आणला असं म्हणतात. मला हे पटत नाही, निदान एवढ्या सरळ रेषेत तरी नाही. त्याच्या आधीच्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे आणि तोही मोठा मार्मिक. दिसतात देखण्या बायका, पण आत सगळे दांडगे बाप्ये, अशा अर्थाचा. म्हणजे स्त्रीपार्ट तेव्हाही होता, आणि समर्थांसारखा बैरागीही तो टक लावून बघत होता. श्यामजींनी आणलं असेल ते नवं वळण असेल. खेळ आधीपासूनचा असणार.

आता पायाकडे येतो.

राजापार्ट करणारे आमचे गृहस्थ साठीला टेकलेले. दिवसा बघाल तर गुडघ्याला पट्टा, पायरी चढताना कठड्याला हात. रात्री किरीट चढला, भुजांवर पट्ट्या आल्या, पडद्याआडून मृदंगाचा पहिला तुकडा वाजला की हा माणूस बाहेर येत नाही, बाहेर आणला जातो. प्रवेशाची चाल म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून शिकलो. तीन पावलं, थांबा, मान, मग मिशीवर हात. बस्. नवखा राजा सात-आठ पावलं टाकतो, दोन गिरक्या घेतो, तलवार फिरवतो, तरी तो तालुक्याचा तहसीलदारच वाटतो. आमच्या राजाची तीन पावलं बघितली की मागं दहा हजार फौज आहे असं वाटतं. युद्धात मात्र वय दिसतं. पूर्वी ते बाकड्यावरून उडी मारून युद्धाला उतरत म्हणे. आता बाकड्याला प्रदक्षिणा घालतात, समोरच्या तरुण राक्षसाला फिरायला लावतात आणि स्वतः मध्ये खांबासारखे उभे राहून फक्त तलवारीची दिशा बदलतात. राक्षसाच्या गिरक्या मी एकदा मोजल्या, अकरा झाल्या. बत्तीसला अजून अवकाश आहे, पण त्याच्या पायाखाली शेणानं सारवलेली जमीन होती आणि डोक्यावर लाकडी मुखवटा.

संकासूर हा वेगळाच प्राणी. काळा अंगरखा, तोंडावर काळं फडकं, त्यातून लोंबणारी लाल जीभ, आणि तोंडात शुद्ध मालवणी. आड दशावतारात, म्हणजे पूर्वरंगात गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा संकासूर येतो. तो नाचतो ते नाचणं म्हणावं की टिंगल, ठरवता येत नाही. देवांच्याच चाली वेड्यावाकड्या करून दाखवतो. आजकाल बऱ्याच ठिकाणी आड दशावतार आटोपता घेतात, कधी गाळतातच. लोकांना आख्यानाची घाई आणि ट्रिकसीनची हौस. ट्रिकसीन मला वर्ज्य नाही, मुंडकं उडताना लहान पोरं किंचाळतात ते ऐकायला गंमत वाटते. पण संकासूर गाळला की माझं तिकीट फुकट गेल्यासारखं वाटतं. तिकीट नसतंच, तरीही.

आणि स्त्रीपार्ट. बाबी नालंगांचं नाव काढणारी पिढी अजून जत्रेत भेटते, सुधीर कलिंगणांच्या राजाबद्दल बोलताना माणसं गहिवरतात, आणि स्त्रीपार्ट म्हटलं की ओमप्रकाश चव्हाणांचं नाव पहिलं येतं. आमच्या मंडळीतला स्त्रीपार्ट यांच्या तुलनेत अप्रसिद्ध, पंचेचाळिशीचा, अंगानं थोराड. त्यालाच मी ती साडी दिली होती. शहापुरी नऊवार, सुती अंग, काठपदराला रेशीम, मोरपंखी. दुकानात वर्षानुवर्षं पडून होती. हल्ली नऊवार मागायला कोण येतं?

पहिल्या रात्री त्यानं तिची घडी मोडली ती तारामती होऊन. सांगायला वाईट वाटतं, पण खेळ पडला. दोष साडीचा, पर्यायानं माझा. खळ न काढलेल्या साडीला स्वतःचं मत असतं. तो वळला की निऱ्या अर्ध्या मात्रेनं मागून वळायच्या. बसला की ओचा फुगायचा. काशीच्या बाजारातली दीन तारामती लग्नाला निघालेल्या वरमाईसारखी ताठ दिसत होती. स्मशानात हरिश्चंद्र स्वतःच्याच बायकोकडे मुलाच्या दहनाचा कर मागतो. तिच्याजवळ काही नाही, म्हणून ती नेसूचं अर्धं वस्त्र फाडून द्यायला निघते. तिथं त्यानं पदर हातात धरून नुसता अभिनय केला. नवी साडी कोण फाडणार! मला मात्र खोटं दिसलं ते दिसलंच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही साड्या विकतासा नुसत्या. नेसतं कोण? आधी दोनदा भिजवून द्यायची असती की."

पौषात परत गेलो. साडी दोन पाण्यांतून निघाली होती. माघात काठाची चमक थोडी बसली. शिमग्याच्या सुमारास एका खेळात ती पहिल्यांदा त्याच्या अंगाची झाली. आख्यान मोहिनी-भस्मासुराचं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्यासारखं नाचायला जातो आणि शेवटी तिचं बघून स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो. हे दृश्य बहुतेक जण विनोदी करतात. आमच्या स्त्रीपार्टानं त्या रात्री विनोद काढूनच टाकला. अगदी साधं नाचला. हात वर, भस्मासुराचा हात वर. मान डावीकडे, त्याची मान डावीकडे. मृदंगवाल्यानं लय चढवली नाही, उलट उतरवली. मोरपंखी काठ पावलाबरोबर उठत होता आणि पावलाबरोबरच बसत होता, आता मध्ये अर्धी मात्रासुद्धा नव्हती. दहाएक मिनिटं गेली असतील. मग मोहिनीनं हात डोक्याकडे नेला आणि बोटभर अंतरावर थांबवला. भस्मासुराचाही थांबला. सबंध मांडावर शेंगा फोडल्याचासुद्धा आवाज नव्हता. समोरच्या म्हातारीनं पुटपुटल्याचं मी ऐकलं, "ठेव रे आता, ठेव." ती देवाच्या बाजूनं बोलत होती की राक्षसाच्या, कळलं नाही.

लंडनच्या त्या बाईच्या वहीत हे कुठल्या रकान्यात बसलं असतं?

या आनंदाच्या भरात मी एक घोडचूक केली. हा खेळ आपल्याकडे व्हायला पाहिजे म्हणून चार मित्रांना गोळा करून शहरातल्या एका सभागृहात खेळ ठेवला. बेळगावात घाटाखालची माणसं पुष्कळ. शहापुरात बॅरिस्टर नाथ पैंच्या नावाचा चौक आहे, ते मूळ वेंगुर्ल्याचेच. म्हटलं, गर्दी होईल. झालीही. पण सभागृह रात्री दहाला बंद, म्हणून खेळ सहाला. तीन तासांत आवरा. खुर्च्या, एसी, वर टांगलेले माईक, आणि सुरुवातीला आमचीच चाळीस मिनिटं भाषणं. राजानं तीन पावलं टाकली ती लाकडी रंगमंचावर धाड धाड वाजली आणि पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं. स्त्रीपार्टानं माईकखाली उभं राहून पद म्हटलं, त्यामुळे तो हललाच नाही. कुणी काही वाईट बोललं नाही. शाल-श्रीफळ झालं. परतीच्या टेम्पोत बसताना राजा मला म्हणाले, "बरा झाला हां." एवढ्या सभ्यपणे मला कुणी कधी रागावलं नव्हतं.

2025 च्या सप्टेंबरात 'दशावतार' सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी केला. त्यानंतर जत्रेत मुंबई-पुण्याच्या गाड्या वाढल्या, पडवीत मोबाईल घेऊन घुसणारे वाढले. जुने रसिक कुरकुरतात. मी कुरकुरत नाही, मीही घाटावरून आलेलाच. फक्त रंग लावत असलेल्या माणसासमोर दिवा धरू नये एवढी अक्कल असावी. आरशातला चेहरा अर्धा त्याचा आणि अर्धा तारामतीचा असतो, त्या वेळी त्याला हाक कुठल्या नावानं मारणार?

हंगाम संपला की ही माणसं काय करतात, हे मी आमच्या स्त्रीपार्टाला विचारलं होतं. मिरगाला शेत. मग आषाढ-श्रावणात गणपतीची शाळा. म्हणजे मूर्तिशाळा, पण कोकणात शाळाच म्हणतात. तिथं तो रंगकाम करतो, आणि डोळ्यांची आखणी त्याच्याकडेच असते. "भुवई माझीच कोरतंय, मगे देवाची कित्याक नाय?" असं म्हणाला. अध्येमध्ये मुंबईत संयुक्त दशावतार लागतो, निरनिराळ्या मंडळींचे नावाजलेले कलाकार एकत्र येतात, त्याला अजून त्यात बोलावणं आलेलं नाही. हे तो सहज बोलला आणि लगेच विषय बदलून आंब्यावर गेला. पुढच्या हंगामात कोण कुठल्या मंडळीत जाणार याच्या वावड्या मे महिन्यापासूनच उठतात. त्याचं नावही एका दुसऱ्या मंडळीशी जोडलं जात होतं. मी विचारलं नाही.

वैशाखातला शेवटचा खेळ बघायला शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी करत आंबोलीला पोचलो तेव्हा घाटात वळवाचा पाऊस लागला. खाली दाणोलीत कोरडं. जत्रा लहान होती, माणसं दोनशेच्या आत. आख्यान ठरलं तेव्हा मी पडवीतच होतो. मालक म्हणाले, हरिश्चंद्र.

ट्रंकेतून मोरपंखी साडी निघाली. सहा महिन्यांत रंग विटला होता, काठाचं रेशीम दोन ठिकाणी उसवलं होतं, बाकड्याच्या खिळ्यात अडकून पदराला बोटभर खोंबारा पडला होता. त्यानं ती नेसताना मी बघत राहिलो. काष्टा एका झटक्यात बसला. पहाटे साडेतीनच्या सुमाराला स्मशानाचा प्रवेश आला. रोहिदासाचं काम करणारं पोर बाकड्यावर निपचित, खरोखरच झोपलेलं. तारामती त्याच्याभोवती एकदा फिरली. नाच म्हणता येणार नाही, चालणंच ते, पण प्रत्येक पाऊल मृदंगाच्या आधी थबकून मग पडत होतं, जणू जमीन तिला परत परत विचारून घ्यावी लागत होती. राजानं हात पुढं केला. कर मागितला. तिनं पदर दोन्ही हातांत धरला.

फाटण्याचा आवाज मला धंद्यामुळे ओळखू येतो. सुती अंग आडवं फाटलं की टरकन जातं, उभं फाटलं की जरा रेंगाळतं. हे रेंगाळलं. राजाचा हात क्षणभर तसाच राहिला, त्यांना हे अपेक्षित नसावं. मग त्यांनी तो तुकडा घेतला आणि ठरल्यापेक्षा फारच हळू आवाजात पुढचं वाक्य बोलले. बुवांनी पेटीचा सूर धरून ठेवला होता, सोडलाच नाही.

उजाडता उजाडता दहीकाला झाला, हंडी फुटली, ट्रंका टेम्पोत चढल्या. तो रंग पुसून, लुंगी नेसून नळावर पाय धूत होता. मला बघून म्हणाला, "साडी गेली तुमची." मी म्हटलं, गेली तर गेली. त्यानं पाय झटकले, चपला घातल्या. "पुढल्या हंगामाक हिरवी बघा. काठ जरा रुंद."

मंडळी तीच का, हे तेव्हाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात वरच्या फळीवरून हिरवी रुंद काठाची नऊवार काढली, दिवेलागणीला घरी आणली. बायकोनं हातात घेऊन उलटी-सुलटी पाहिली, काही बोलली नाही, आणि बादलीत भिजत घातली.